जुन्या आवृत्त्यांचा सांभाळ: डेबियनचा अनुभव

मुक्तस्रोत संगणक प्रणालीची नवी आवृत्ती घडविण्यासाठी स्वयंसेवक उत्साहाने पुढे येतात. जुनी सांभाळण्यासाठी मात्र माणसे मिळत नाहीत. रेड हॅट लिनक्स व फेडोराच्या जुन्या आवृत्त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणारा ‘फेडोरा लेगसी’ हा स्वयंसेवी प्रकल्प याच कारणाने २००६ च्या अखेरीस बंद पडला.

काम मुळातच किचकट आहे. नव्या आवृत्तीसाठी केलेली दुरुस्ती जुन्या कोडमध्ये जशीच्या तशी बसत नाही. ती नव्याने बेतावी लागते आणि तिच्यामुळे दुसरे काही बिघडले नाही ना, हेही तपासावे लागते. एवढे करून नाव होत नाही ते नाहीच. तरीही अनेक सर्व्हर वर्षानुवर्षे जुन्याच आवृत्तीवर चालत असल्याने ते टाळता येत नाही.

इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनने २०१४ मध्ये ‘स्क्वीझ’ या सहाव्या आवृत्तीपासून दीर्घकालीन साहाय्य योजना आरंभली. सुमारे तीन वर्षांचे संरक्षण त्यामुळे पाच वर्षांवर गेले. फ्रान्समधील फ्रेक्सियन ही कंपनी प्रायोजकांकडून निधी जमवून योगदानकर्त्यांना तासांच्या हिशेबाने मोबदला देते. डेबियनमध्ये पैशाचा विषय नाजूकच. २००६ मध्ये ‘डंक-टँक’ उपक्रमातून प्रकाशन व्यवस्थापकांना मोबदला देऊ करताच मोठा वाद झाला व काही विकासकांनी आपले विनामोबदला काम कमी केले. दीर्घकालीन साहाय्यात स्वयंसेवकांना आजही वाव आहे, परंतु मुख्य भार मोबदला घेणारेच वाहतात. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रकाशित ‘बुल्सआय’ आवृत्तीसाठी या साहाय्याची मुदत ३१ ऑगस्ट २०२६ ठरलेली आहे.