कापलेली स्प्रिंग आणि कलम 24008

बॉलपेनमधली स्प्रिंग मधोमध कापली, तर अर्धी स्प्रिंग पहिलीपेक्षा मऊ होईल की ताठ? हा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक हात ‘मऊ’च्या बाजूने वर जातात. खरं तर ती दुप्पट ताठ होते. स्प्रिंगवर भार आला की प्रत्येक वेढा थोडाथोडा दबतो. वेढे निम्मे झाले की दबणंही निम्मं होतं. ताण आणि बल यांचं हे नातं रॉबर्ट हूकने 1678 मध्ये प्रसिद्ध केलं. अमेरिकेतल्या लॉस एंजलिसमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हेच नातं करवत हातात घेऊन शिकणारी पोरं होती.

ही पोरं बहुतेक मेक्सिकन वंशाची, कामकरी घरांतली. नवी गाडी परवडत नसे. जुनी शेवरोले घ्यायची, तिला रंग चढवायचा, जमिनीलगत आणायची आणि रविवारी व्हिटियर बुलेव्हार्डवरून अगदी सावकाश फिरवायची. अशा गाड्यांना पुढे ‘लोरायडर’ नाव पडलं. बाकीचे तरुण वेगामागे होते, यांनी संथपणा निवडला.

गाडी खाली आणायची कशी? सर्वांत सोपा उपाय म्हणजे डिकीत वाळूची पोती. मग स्प्रिंगचे वेढेच कापायला सुरुवात झाली. एक गणित फळ्यावर मांडून बघा. 10 वेढ्यांची, 40 सेंमी लांबीची स्प्रिंग गाडीच्या भाराने 10 सेंमी दबते; म्हणजे उंची उरते 30. दोन वेढे कापले की लांबी 32, पण ती आता 8 सेंमीच दबते, उंची 24. म्हणजे 8 सेंमी कापून गाडी 6 सेंमीच उतरली, स्प्रिंग सव्वापट ताठ झाली आणि खड्ड्यात चाकाला वर यायला जागा कमी उरली. काहीजण गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवत. त्यात पोलादाचं पाणीच उतरायचं आणि गाडी एका अंगाला कलायची.

(आता बाजारात मिळणाऱ्या आखूड स्प्रिंगांमध्ये ताठपणा अंदाजावर सोडत नाहीत. तार 10 टक्के जाड घेतली, तर बाकी सारं तसंच असताना ताठपणा जवळजवळ दीडपट होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो.)

मग कायदा आला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतलं कलम 24008 लागू झालं : बदल केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. नियम सर्वांना सारखा होता. पण रस्त्यात अडवलं जातं ते आपल्यालाच, ही या वस्तीची तक्रार पुढची कितीतरी वर्षं टिकली.

कापलेली स्प्रिंग पोलीस दिसला म्हणून पुन्हा लांब होत नाही. त्याच सुमारास रॉन अगीरे या तरुणाने आपल्या ‘एक्स-सॉनिक’ नावाच्या कॉर्व्हेट गाडीत विमानांच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप आणि झडपा बसवल्या. पंपाने तेल सिलिंडरमध्ये ढकललं की गाडी वर, तेल सोडलं की खाली. रिमच्या वर यायचं ते काही क्षणांत, आणि पोलिसाची पाठ फिरली की पुन्हा जमिनीलगत! नियमाने उंची मोजायचं ठरवलं, तर यांनी उंचीच बदलती केली. पुढे अनेकांनी हा मार्ग धरला. पास्कलचा नियम शिकवताना आम्हांला रुग्णालयातल्या खुर्चीपेक्षा हे उदाहरण जास्त आवडतं.

तरी जाच संपला नाही. 1980 च्या दशकात राज्याने शहरांना अशा संथ फेऱ्यांवर बंदी घालायची मुभा दिली. 2017 मध्ये ‘जिप्सी रोझ’ ही 1964 ची गुलाबी इम्पाला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत राष्ट्राचा ठेवा म्हणून मांडली गेली, तेव्हाही कॅलिफोर्नियात कलम 24008 जागेवरच होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये ते रद्द करणाऱ्या आणि शहरांच्या बंद्याही उठवणाऱ्या विधेयकावर राज्यपालांची सही झाली. 1 जानेवारी 2024 पासून ते कलम संहितेत नाही.