नांगरलेले जहाज

बारामतीहून इंदापूरकडे निघालेल्या माणसाच्या मनात समुद्राचा विचार यावा असे वाटेत काहीच नाही. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी, त्यावर पोसलेला ऊस, कालव्याची कृपा जिथे संपते तिथला मुरमाड माळ आणि मध्येच उभे असलेले वालचंदनगर. (उजनीच्या जलाशयात होड्या दिसतात खऱ्या, पण ते पाणी अलीकडचे.) तरीही भारतीय मुलगा जहाजावरचा अधिकारी कसा झाला, हे सांगायचे तर इंदापूर तालुक्यातले हे गाव वगळता येत नाही. येथल्या कळंबच्या माळावर १९३०च्या दशकात साखर कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद हेच १९२९ ते १९५० या काळात सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे अध्यक्ष होते. आपल्याकडे त्यांचे स्मरण साखरेच्या निमित्ताने होते. समुद्राची बाजू मागे पडते.

प्रथम मूळ प्रश्न लक्षात घेतला पाहिजे. भारतीय माणूस समुद्राला बुजत होता, ही समजूत निव्वळ पुस्तकी आहे. रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे खानसामे यांच्या जिवावर इंग्रजी आगबोटी जगभर फिरत होत्या. सारंग आपला, तांडेल आपला, बॉयलरपुढे कोळसा ओढणारा आपला. पण नकाशावर पेन्सिल टेकवणारा हात मात्र गोरा. अधिकाऱ्याची सनद मिळवायची तर आधी जहाजावर उमेदवारी हवी, आणि ती उमेदवारी देणे न देणे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर. कायद्याने दार बंद करण्याची गरजच नव्हती.

१९२२ साली सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात भारतीय व्यापारी नौकानयनाविषयी ठराव मांडला. त्यातून कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९२४ मध्ये तिचा अहवाल आला. अहवालातल्या दोन शिफारशी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या. एक, मुंबईत प्रशिक्षण जहाज असावे. दुसरी, किनाऱ्यावरची वाहतूक टप्प्याटप्प्याने भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी. सरकारने पहिली स्वीकारली आणि दुसरी गुंडाळून ठेवली. यातली चलाखी पुरेशी ओळखली जात नाही, असे मला वाटते. मुले शिकवायची, परंतु त्यांना नोकरी देऊ शकतील अशी जहाजे वाढू द्यायची नाहीत.

१९२७च्या डिसेंबरात ‘डफरिन’वर पहिली तुकडी दाखल झाली. बॅरो येथे व्हिकर्सच्या गोदीत १९०४ साली पाण्यात उतरलेली ही सैनिक वाहून नेणारी जुनी बोट आता माझगावसमोर नांगर टाकून होती. कॅडेटांसाठी ती घर, शाळा आणि छावणी असे तिन्ही. निजायला टांगता झोळणा. पहाटे उठून तो गुंडाळायचा, डेक घासूनपुसून स्वच्छ करायचा. दर अर्ध्या तासाला घंटेचे टोल. दोरांच्या गाठी, निशाणांची भाषा, मोर्स, सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजणे, वल्ही मारून हाताला येणारे घट्टे. जे बंगल्यात गड्याकडून करून घ्यायचे ते येथे स्वतः करायचे. पांढरपेशा घरातल्या पोराला ज्ञानापेक्षा ही गोष्ट अधिक जड गेली असणार. समोर मुंबईचे दिवे, आणि आपण पाण्यावर. पण जहाज जागचे हलणार नाही, हा त्यातला विचित्र भाग. १९३५च्या सुमारास अभियांत्रिकीचे कॅडेटही तेथे शिकू लागले.

शिक्षण संपले की खरी परीक्षा सुरू होई. नांगरलेल्या जहाजावर सनद मिळत नाही. त्यासाठी चालत्या जहाजावरचा प्रत्यक्ष समुद्र हवा. परदेशी कंपन्या या मुलांना घ्यायला नाखूश होत्या, तेव्हा आधार उरला तो मुख्यतः सिंदियाचा. आणि सिंदियाची स्थिती काय? ५ एप्रिल १९१९ रोजी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, त्या दिवसाची आठवण म्हणून आपण आज राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. पण पुढे इंग्रजी कंपन्यांनी भाडी पाडून कोंडी केली आणि १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार सिंदियाच्या गळ्यात आला: जहाजांची क्षमता ७५ हजार टनांपलीकडे न्यायची नाही, किनारा सोडून बाहेर धंदा करायचा नाही. म्हणजे मुलांना जे एकमेव दार उघडे होते, त्याचीही रुंदी प्रतिस्पर्ध्याने ठरवलेली.

पहिल्या तुकडीतले रामदास कटारी हे याचे बोलके उदाहरण. अव्वल ठरलेला हा कॅडेट आरंभी व्यापारी जहाजांवर नव्हे, तर हुगळी नदीच्या मोजणीच्या कामात दिसतो. दुसरे महायुद्ध पेटल्यावर तो नौदलाच्या राखीव दलात गेला आणि १९५८ साली भारताचा पहिला भारतीय नौदलप्रमुख झाला. युद्धाने ही वाट करून दिली नसती तर? इतिहासाला असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. मला तो विचारावासा वाटतो.

वालचंद भाषणांवर थांबणारे नव्हते. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीची गोदी काढली आणि तेथे बांधलेले ‘जलउषा’ १९४८ साली जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. किनारी वाहतूक स्वदेशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे धोरण मात्र प्रत्यक्षात आले ते स्वातंत्र्यानंतरच, हेडलम अहवालानंतर पाव शतकाने.

‘डफरिन’ची जागा १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ मध्ये कॅडेट जमिनीवर आले, नवी मुंबईतल्या ‘चाणक्य’मध्ये. पुणे जिल्ह्यातही तळेगावजवळ इंदुरी येथे आणि इंदापूरकडे जाणाऱ्या सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर येथे सागरी शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. इंदुरीत तर आवारातच जहाज बांधून ठेवले आहे. सिंदिया कंपनी विसावे शतक संपण्यापूर्वीच मोडकळीस आली. वालचंदनगरच्या कारखान्यात साखरेच्या यंत्रांबरोबर नौदलाच्या युद्धनौकांचे गिअरबॉक्सही घडले. आणि या संस्थांमधून बाहेर पडणाऱ्या, एखाद्या कंपनीने आधी उचललेल्या नसलेल्या मुलाच्या खिशात आजही प्रमाणपत्र असते, पण चालत्या जहाजावर उमेदवारीची जागा नसते. तो मुंबईत एकेका कंपनीचे दार ठोठावत फिरतो.