नाके उठले, पण ट्रकमागची मुदत सुटली नाही

देशातली सुमारे ७० टक्के मालवाहतूक रस्त्यानेच होते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. एप्रिल २०१८ पासून ५० हजारांवरच्या मालाला परराज्यात जाताना ई-वे बिल लागतं. त्याची मुदत मात्र अंतरावर ठरते, हे व्यापाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं: दर २०० किलोमीटरला एक दिवस. बेळगाव-पुणे सुमारे ३४० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. खंबाटकी घाटात गाडी बंद पडली, तर मुदत संपण्याआधी किंवा नंतर ८ तासांतच वाढवून घ्यायची. माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवला, तर नवा गाडी नंबर भरायचा. चुकलं तर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. तो भरेपर्यंत माल अडकतो, आणि गाडीसोबत ड्रायव्हरही.