गारगोटीची वही आणि आपली गच्ची

स्मरणिका समितीच्या मंडळींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही बारा वर्षं खजिनदार होता, सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास तुम्हीच लिहा." पण २००० सालची नोंदणी, भूमिपूजन, बोअर, लिफ्ट, दोनदा झालेलं रंगकाम हे सगळं मा. चेअरमनसाहेबांच्या मनोगतात आलेलंच आहे. तेच पुन्हा लिहून सभासदांचा वेळ घेत नाही. मी आपल्या गच्चीचा इतिहास लिहितो. हा इतिहास आपल्या सोसायटीपेक्षा जुना आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, गारगोटीला झाली. गच्चीवर भाजी लावणाऱ्यांनाही हे माहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

मी १९७३ साली बँकेत लागलो. बी.कॉम. झालेलो, शेतीचा गंध नाही. आमचं घर शहरातलं, शेत बघायचं ते एस.टी.च्या खिडकीतून. आणि पुढं नेमकं १९७९ च्या सुमारास तासगाव भागातल्या शाखेत शेतीकर्जाचं टेबल माझ्याकडं आलं. द्राक्षबाग म्हणजे खर्चाचं काम. मांडवाचे लोखंडी अँगल, तारा, खतं, औषधं, वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची आणि ऑक्टोबरची. शिवाय ऐन वेळी अवकाळी पाऊस आला की सगळं पाण्यात. अशा धंद्याला कर्ज द्यायचं म्हणजे अधिकाऱ्याच्या पोटात गोळा यायचा.

एकदा पाहणीला एका बागेत गेलो. सातबारा बघितला, विहीर बघितली, जामीनदार विचारले. शेतकरी म्हणाला, "साहेब, सगळं बघितलंसा, आता ही वही पण बघा की." शाळेतल्या पोरांची असते तसली दोनशे पानी वही. आत रकाने आखलेले. कुठल्या ओळीत काडी कधी ठेवली, एका घडामागं किती पानं, पाणी किती, भुरी कुठल्या तारखेला दिसली, काय फवारलं, आणि शेवटच्या रकान्यात 'काय चुकलं'.

मी विचारलं, "चुकलेलं पण लिहून ठेवता?"

"तेच तर लिहायचं. बरोबर आलेला माल मार्केटला जातोय, चुकलेला वहीत राहतोय."

त्या गावात असे आठ-दहा जण होते. ठरलेल्या दिवशी एकमेकांच्या बागेत जमायचे. ज्याची बाग त्यानं आधी सगळ्यात वाईट ओळ दाखवायची, मग चांगली. चहा व्हायचा, वाद व्हायचे, वह्या समोरासमोर ठेवल्या जायच्या. शेजाऱ्याला औषधाचं नाव सांगायचं नाही ही आपली साधारण रीत, आणि इथं उलटाच कारभार. माझ्या टेबलापुरतं सांगतो, या वहीवाल्यांच्या कर्जाची मला कधी रात्रीची झोप गमवावी लागली नाही. पीक त्यांचंही कधी जायचं, पण गेल्यावर माणूस स्वतः बँकेत येऊन का गेलं ते सांगायचा. तोंड चुकवायचा नाही. हे शिकवलं कुणी असं विचारलं, तर उत्तर आलं, "गारगोटीचं दाभोळकर सर."

प्रा. श्री. अ. दाभोळकर. आजच्या पिढीला डॉ. नरेंद्र दाभोळकर माहीत आहेत, त्यांचे हे थोरले बंधू. विषय गणित. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या पुढाकारानं भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं राहिलं, खेड्यातल्या मुलाला खेड्यातच उच्च शिक्षण मिळावं म्हणून. हे जे. पी. म्हणजे पुढं कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले, आपल्याच आजरा तालुक्यातले. त्या गारगोटीत दाभोळकर सर होते. वर्गातलं गणित आणि बाहेरचं शेत यांची गाठ घालायचा नाद त्यांना लागला, आणि त्यातून 'प्रयोग परिवार' उभा राहिला.

हा परिवार म्हणजे काही आपल्या सोसायटीसारखा पदाधिकाऱ्यांवर चालणारा कारभार नव्हता. कल्पना साधी होती. विज्ञान ही प्रयोगशाळेतल्या माणसाची मक्तेदारी नाही. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात प्रयोग करावा, नोंद ठेवावी, आणि तसाच प्रयोग करणाऱ्या दुसऱ्याशी ती ताडून बघावी. ज्यानं केलं आणि मोजलं, तो त्या प्रश्नापुरता तज्ज्ञ. मग तो चौथी शिकलेला का असेना. तासगाव-सांगली भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी ही रीत उचलली आणि तिथल्या द्राक्षशेतीचा चेहरामोहरा बदलण्यात तिचा मोठा वाटा राहिला. थॉमसन सीडलेसमधून निवडून काढलेली 'तास-ए-गणेश' ही जात तासगाव तालुक्यातल्याच एका बागायतदारानं दिलेली, हे विसरू नये. शेतकरी संशोधक होऊ शकतो याचा याहून मोठा दाखला कुठला? ग्रामीण विकासासाठी विज्ञानाचा उपयोग केल्याबद्दल दाभोळकर सरांना जमनालाल बजाज पुरस्कारही मिळाला.

सरांचा दुसरा हिशोब मला बँकवाला म्हणून फार आवडला. तो म्हणजे दहा गुंठ्यांचा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, पाव एकर. एवढ्या जागेत पाच माणसांचं कुटुंब चांगलं जगू शकतं असं ते मांडत. यात चमत्कार काही नाही. झाडाचं भांडवल म्हणजे ऊन. पानाच्या दर चौरस फुटावर रोज किती ऊन पडतं आणि त्यातून किती अन्न तयार होतं हे मोजायचं. ऊन जमिनीवर वाया घालवायचं नाही, पानावर झेलायचं. पालापाचोळा जाळायचा नाही, मातीला परत करायचा. म्हणजे मुद्दल मोडायचं नाही, व्याजावर जगायचं. १९९८ साली आलेल्या 'प्लेन्टी फॉर ऑल' या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात हे सगळं तपशिलानं आहे.

हल्ली मुलं-नातवंडं 'पर्माकल्चर' हा शब्द वापरतात. माझी नातही पुण्याहून त्याचा कोर्स करून आली आणि मला शिकवायला लागली. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन माणसांनी १९७८ साली पुस्तक काढून हा शब्द जगापुढं आणला. कायमची टिकणारी शेती, असा त्याचा मूळ अर्थ. जमिनीची काळजी, माणसाची काळजी, आणि जास्तीचं वाटून घेणं, ही त्याची तीन तत्त्वं. मॉलिसन १९८० च्या दशकात भारतात येऊन गेले, आणि २०१७ साली हैदराबादला त्याचं जागतिक संमेलनही भरलं. नात सांगत होती आणि मी मनात म्हणत होतो, अगं, हे तर मी तासगावात बघितलंय, फक्त नाव ठाऊक नव्हतं. तिला मी एवढंच विचारलं, "तुमच्या कोर्समध्ये वही आहे का?" ती म्हणाली, "आहे ना आजोबा, निरीक्षणाची." मग माझं समाधान झालं.

शेतातली ही रीत गच्चीवर कशी आली, तेही सांगायला हवं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी दाभोळकर सरांच्या विचारावर 'नगरशेती' केली. पिंपात आणि पिशव्यांत उसाची चिपाडं, पालापाचोळा आणि थोडीशी माती भरून घरावरच भाजी पिकवली. २००२ सालापासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली, आणि तिथून मुंबईतले अनेक हौशी लोक शिकून गेले. म्हणजे गारगोटीचा विचार मुंबईच्या गच्चीवर पोचला, आणि आम्ही कोल्हापुरात बसून तो यूट्यूबवर बघितला! चिपाडं आपल्या गुऱ्हाळावर, गूळ आपल्या मार्केट यार्डात, आणि शहाणपण मात्र मुंबईहून.

आता आपल्या गच्चीकडं येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाजीचे हाल झाले ते आठवतंय ना? त्यानंतर २०२१ च्या जानेवारीत आपल्यातल्या चौदा घरांनी मिळून पहिला ढीग घातला. दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस ढवळायचं, मग दहापट पाण्यात मिसळायचं. हे अमृतजल. त्यात वाळका पाला भिजवून थर घालायचे, वर पुन्हा बिया पेरून ते कोवळं पीक कापून त्यातच मिसळायचं. चार-साडेचार महिन्यांनी काळी, हलकी माती तयार होते, ती अमृतमाती. गच्चीवर वजन कमी पडतं हा तिचा मोठा फायदा.

जुलैमध्ये महापूर आला. शिरोलीजवळ हायवे बंद, भाजीची गाडी नाही. त्या आठवड्यात आपल्या गच्चीवरचा अळू, दोडका आणि अंबाडी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घरांत पोचली. थोडी थोडी पोचली, पण पोचली. ज्यांनी "कशाला ही घाण वर" म्हटलं होतं, त्यांनीही नेली. याचा आनंद मला अजून आहे.

पुढचा भाग लिहावा की नाही असा विचार चार दिवस केला. पण इतिहास म्हटल्यावर तो खर्चाच्या बाजूसकट लिहायला हवा.

२०२३ च्या पावसाळ्यात बी विंगमधल्या वरच्या मजल्यावर एका घराचं छत गळायला लागलं. भिंतीला ओल, पलंग हलवावा लागला. दोष गेला तो त्या कोपऱ्याजवळ वाफे करणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंवर. खरं कारण मला ठाऊक होतं. माझ्या पिंपातला पाला वाहून पावसाच्या पाइपच्या तोंडाशी अडकला होता आणि टाचभर पाणी दोन दिवस साचून होतं. मी पहाटे जाऊन तो पाला काढला आणि गप्प बसलो. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशोबातली चूक शोधलेला माणूस मी, पण स्वतःची चूक मांडायला जीभ रेटली नाही. सर्वसाधारण सभेत दिवाळीपूर्वी गच्ची मोकळी करायचा ठराव झाला. बाई सभेत एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिरचीची फुलावर आलेली रोपं उपटून वाफे रिकामे केले. चौदा घरांची चार घरं झाली. ती चारही एकमेकांना काही विचारीनाशी झाली.

त्या हिवाळ्यात मला तासगावची वही फार आठवली. एकाचं चुकलं आणि त्यानं ते झाकलं, की बाकीच्यांना शिकायला काही उरत नाही, वर संशय वाढतो. त्या शेतकऱ्यांचा गट टिकला तो सगळेच हुशार होते म्हणून नाही. वाईट ओळ आधी दाखवायची हा नियम होता म्हणून. आमच्याकडं पिंपं होती, माती होती, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोही होते. पण ते फोटो सगळे लालबुंद टोमॅटोचे. पिवळ्या पडलेल्या पानाचा एकही नाही.

२०२४ च्या जानेवारीत मी आधी बाईंच्या घरी गेलो, मग वरच्या मजल्यावर, मग कमिटीसमोर. बाई म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण माझी मिरची गेली ती गेलीच." त्या लगेच परत आल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी आल्या, स्वतःची वही घेऊन. छताच्या दुरुस्तीचा खर्च मी दिला. इंजिनिअरला दाखवून पिंपं बीमच्या रेषेवर, स्टँडवर घेतली. पाइपच्या तोंडापासून दोन फूट जागा मोकळी ठेवायची, जाळी दर रविवारी आळीपाळीनं साफ करायची, असं ठरलं. विशेष सभेनं या अटींवर पुन्हा परवानगी दिली, त्याबद्दल सभासदांचे आभार. आज नऊ घरं आहेत.

आपली गच्ची साधारण साडेचार गुंठ्यांची. दाभोळकर सरांच्या दहा गुंठ्यांच्या निम्मीसुद्धा नाही. त्यावर अठ्ठावीस घरं जगणार नाहीत हे मलाही कळतं. शिवाय यंदाच्या सभेत सौर पॅनेलचा विषय आहे आणि गच्चीच्या परवानगीची मुदतही संपते आहे. पॅनेल जरूर बसवावीत. सरांच्या भाषेत तीही उन्हाची शेतीच. पण दक्षिणेकडची एक पट्टी बागेला राहावी एवढी माझी विनंती. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे सहकार वर्ष म्हणून जाहीर केलंय. सहकार हा आपल्याकडं मेंटेनन्सच्या पावतीवरच दिसतो. गच्चीवर तो हातानं करता येतो.

नव्या घरांतल्या तरुण मंडळींनी यावं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही जमतो. चहा आमच्याकडं. रोप, पिंप काही आणू नका, फक्त आपल्या कुंडीत काय मेलं ते सांगायची तयारी ठेवा. गटाची वही ऑफिसच्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे. पहिल्याच पानावर माझी पाइपची नोंद आहे, तारखेसह आणि सहीसह. तिच्याखाली बाईंनी लिहिलंय, 'मिरची पुन्हा लावली. यंदा कोकडा आला, उपाय शोधते आहे.' कुणाला उपाय माहीत असेल तर रविवारी या.