विद्येच्या शहराचा खर्च कोणी लिहिला?

आज आपण जुन्या विद्यानगरीतलं जीवन साहित्यात कसं उतरलं, ते पाहणार आहोत. विद्यानगरी म्हणजे पुणे, हे रायगडच्या किनाऱ्यावर वेगळं सांगायला नको. आपल्याकडची मुलं शिकायला एक तर मुंबईला जात, नाहीतर घाट चढत.

आधी इतिहास बघा. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८८५ साली फर्ग्युसन आलं. पण पदवी देणार १८५७ चं मुंबई विद्यापीठ! पुणे विद्यापीठ स्थापन झालं ते थेट १९४९ मध्ये. त्याआधी, १९१६ साली, धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेही मातृभाषेतून शिकवणारं. म्हणजे पुण्यात विद्यापीठ आलं ते आधी बायकांचं.

या काळाचा लेखक आपल्याच जिल्ह्यातला आहे. वामन मल्हार जोशी यांचा जन्म १८८२ चा, तळ्याचा. डेक्कन कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. केलं, पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकवलं. त्यांची ‘रागिणी’ १९१५ ची. त्यातली माणसं नीती, ईश्वर, स्त्रियांचे हक्क यांवर पानंच्या पानं वाद घालतात. कादंबरी कुठंही घडो, हे बोलणं कॉलेजातलं आहे. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे हा वाद आम्हाला फार जवळचा वाटतो. पण तो घालायला लागणारी फुरसत कोणाच्या पैशांतून येते, हे तिथं सहसा कोणी विचारत नाही.

मग ना. सी. फडके आले. तेही तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक. त्यांच्या कादंबऱ्यांत कॉलेज म्हणजे तारुण्य, टेनिस आणि प्रेम. वाद मागे पडला, आणि खर्चाचा प्रश्न इथंही फारसा नाहीच.

तो प्रश्न आला १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’मध्ये. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात येतो. हॉस्टेल, मेस, उधारी, परीक्षा आणि वडिलांचे पैसे! तो शहरात असताना धाकटी बहीण मनी गावाकडे देवीच्या आजारानं जाते. शेवटी तो पदवीशिवाय घरी परततो. विद्येच्या शहराचं चित्र इथं पहिल्यांदा तिथं न टिकलेल्या मुलाच्या डोळ्यांनी एवढ्या ठसठशीतपणे दिसतं.

मग ‘कोसला’ खरी आणि ‘रागिणी’ खोटी का? आम्हाला तसं वाटत नाही. शिक्षण कशासाठी आणि त्यावर हक्क कुणाचा, हे वामनरावांनी विचारलं. त्याची किंमत घरातल्या कुणी मोजली, हे नेमाड्यांनी दाखवलं. दुसरा प्रश्न नसेल तर पहिला नुसता गप्पांचा विषय होतो. आणि पहिला नसेल तर शिक्षण म्हणजे निव्वळ फीची पावती.

आजही आपल्या गावातून मुलं पुण्याला जातात. कुणाच्या घरची बाग गहाण पडते, कुणाच्या बहिणीचं शिक्षण थांबतं. यातली काही मुलं पदवी न घेताच परत येतात. घरचे त्यांना ‘वाया गेला’ म्हणतात. तसं म्हणण्याआधी ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, एवढीच विनंती.