पेशी

१९५१च्या जानेवारीत हेन्रिएटा लॅक्स बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये गेली. पोटात गाठ लागतेय, एवढंच तिला सांगता येत होतं. कृष्णवर्णीयांचा वॉर्ड तिथे वेगळा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. उपचार करताना डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून घेतला, तिला न विचारता. तेव्हा तसं विचारायची पद्धतच नव्हती म्हणा, पण मोफत वॉर्डात कोण असायचं तेही बघा. ४ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१. तुकड्यातल्या पेशी मात्र वाढतच राहिल्या, ‘हेला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत पोचल्या.

१९७३मध्ये संशोधकांनी तिच्या घरच्यांचं रक्त मागितलं. त्यांना हवी होती जनुकांची माहिती. घरच्यांना वाटलं, आईचा कॅन्सर आपल्यात आलाय का ते बघतायत. नवरा डे जेमतेम तीन-चार यत्ता शिकलेला. बायकोच्या ‘सेल’ जिवंत आहेत, असं त्याला सांगितलं गेलं. त्याला ठाऊक असलेली सेल एकच, तुरुंगातली. हसू नका. आपल्या विदर्भातही ‘पेशी’ म्हटलं की अनेकांना कोर्टाची तारीखच आठवते.

मुलगी डेबोरा रिपोर्टची वाट बघत राहिली. कॅन्सरची तपासणी मुळात झालीच नव्हती.