काचतंतूचा सांधा

अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक व शुल्ट्झ यांनी १९७० साली प्रकाश दूरवर नेणारा काचतंतू बनवला. पण केसाएवढे हे तंतू जोडायचे कसे? तांब्याच्या तारांसारखा पीळ देऊन भागत नाही. १९७१ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या डॅन बिस्बी यांनी तापलेल्या नायक्रोम तारेने (आपल्या विजेच्या शेगडीतलीच ती!) टोके वितळवून एकजीव केली. लवकर मऊ होणाऱ्या काचेला हे पुरले. सिलिका मात्र १६०० अंश सेल्सिअसच्या वर मऊ होते. नायक्रोम सुमारे १४०० अंशांनाच वितळते. म्हणून पुढे विद्युत प्रज्योत वापरात आली. वितळलेल्या काचेचा पृष्ठीय ताण टोके आपोआप एका रेषेत ओढतो. पण तो जुळवतो बाहेरचा काठ. प्रकाश जातो आतल्या गाभ्यातून. गाभा मध्यावर नसेल, तर सुबक सांध्यातूनही प्रकाश गळतो.